भूकंपाची तारीख

वेणापूर या राजधानीत हौसाक्का विहिरी खोदायची. शहरातल्या सात विहिरींतून गेलेली एकच सलग भेग तिला सापडली, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडकाचे थर हातभर वरखाली सरकलेले दिसले. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, ही जमीन पूर्वी मोठी हादरली आहे, पुन्हा हादरेल. घरांच्या भिंतींत लाकडाचे पट्टे घालून त्या बांधून घ्या."

प्रधान त्र्यंबकपंत हसले. "कधी हादरेल, तो दिवस सांग. नाहीतर लोकांना घाबरवल्याबद्दल शहर सोडून चालती हो."

हौसाक्काने सारा जन्म याच शहरात काढला होता. तरी ती शांतपणे म्हणाली, "पंत, शत्रू कोणत्या दिवशी चालून येणार, तेवढं आधी तुम्ही सांगा."

"ते कोणाला ठाऊक असतं?"

"मग तटावर बारा महिने पहारा कशाला ठेवता?"

महाराजांनी त्याच आठवड्यात गावोगावचे सुतार बोलावले आणि देखरेखीला हौसाक्काला नेमलं.

नऊ वर्षांनी जमीन खरोखरच हादरली. कौलं घसरली, भिंतींना तडे गेले, पण घरं उभी राहिली. माणसं आपल्या पायांनी बाहेर आली, आणि त्यांत नातीला कडेवर घेतलेले त्र्यंबकपंतही होते.