भागव्वाचा उंबरा

“…पण अप्पा, तिला बाहेर काढलं ते घर नेमकं कुठलं?”

अप्पा म्हणजे मठ सांभाळणारे म्हातारे चन्नाप्पा. मठाच्या ओट्यावर बसून ते शेंगा सोलत होते. एक दाणा तोंडात, एक समोरच्या खारीला.

विद्याधर मगदूम उन्हात तसाच उभा. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, पण फडक्यात बांधलेला पितळी तांब्या त्यानं तान्ह्या मुलासारखा उराशी धरला होता. तांब्यात त्याच्या आईच्या विहिरीचं पाणी.

आता भागव्वा कोण, ते सांगायला हवं. दक्षिणेकडच्या या सीमेवरच्या मुलखावर एका मास्तरीणबाईंनी मागं कादंबरी लिहिली. तिच्यात भागव्वा नावाची विधवा आहे. सासरची माणसं तिला हाकलतात. ती गावोगाव पाणी मागत फिरते, कुणी देत नाही. पुस्तक संपतं तरी बाई आपली चालतेच आहे, तहानलेली.

लिहिणाऱ्या बाई गेल्या. भागव्वा काही थांबली नाही. शाळेच्या धड्यात आली, जत्रेच्या नाटकात आली. आणि या हिरेवाडीत तर तिन्हीसांजेला दर घरापुढं घागर भरून ठेवतात. न जाणो, भागव्वा यायची.

विद्याधरच्या आईलाही दिरांनी असंच दार लावून घेतलं होतं. तिनं ते पुस्तक वाचलं, मूल काखोटीला मारलं आणि चालू लागली. लोकांचे कपडे शिवून त्याला शिकवलं. मरताना एवढंच म्हणाली, माझ्या विहिरीचा तांब्या भागव्वाच्या उंबऱ्यावर ओत, म्हणजे मी सुटले.

म्हणून तो सकाळपासून उंबरा धुंडत होता. लोहाराच्या आळीत एकानं छाती काढून सांगितलं, आमच्याच पणज्यानं हाकलली तिला. वेशीजवळच्यानं ते उडवून लावलं. म्हणाला, त्यांचं घर कालपरवाचं, हाकलणारे आम्ही. तिसऱ्या घरातली म्हातारी तर रडलीच. भागव्वा माझी चुलतसासू, म्हणाली, आणि चहा पाजला.

कोण खरं, कोण खोटं… त्याचं डोकं भणभणलं होतं.

“पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही,” तो म्हणाला. “मी वर्गात छातीठोक सांगतो.”

“सांगा की.”

“म्हणजे ती होती?”

“न्हवती.”

…

मग चन्नाप्पांनी सावकाश सांगितलं. बाई मठातच उतरायच्या. त्यांना विचारलं, तर हसून म्हणाल्या होत्या, भागव्वा मनातली. पुस्तक पहिल्यांदा याच ओट्यावर वाचलं, तेव्हा गावानं बाईंना शिव्या घातल्या. गावाची अब्रू घेतली म्हणून. तेव्हा घागरी कुठल्या? जात विचारल्याबिगर इथं कुणी घोट देत नव्हतं.

“मग घागरी आल्या कुठनं?”

“भागव्वासाठी ठेवल्या लोकांनी.”

“जी नव्हतीच तिच्यासाठी?”

“व्हय.”

विद्याधर पायरीवर बसला. आई आयुष्यभर जिच्या मागनं चालली, ती नव्हतीच. आणि आई तर चालली होती. काटे तिच्याच पायात मोडले होते, त्यानं स्वतः काढले होते. यातलं काय धरावं, काय सोडावं, त्याला कळेना.

“अप्पा, मग हे पाणी… हे मी कुठं ओतू?”

खार येऊन दाणा घेऊन गेली.

चन्नाप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली. दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढं धरली.

त्याला आधी उमगलंच नाही. ओंजळ हलेना. शेवटी त्यानं फडक्याची गाठ सोडली, तांब्या वाकवला.

म्हातारा प्याला. घाई नाही, गडबड नाही. दाढीवरनं ओघळ आले, तरी ओंजळ पुढंच. तांब्या रिकामा झाला.

“ते भागव्वाचं होतं, अप्पा…” विद्याधर रिकाम्या तांब्यात बघत म्हणाला.

“हां. लई दिसांची तहान हुती.”

चन्नाप्पा उठले. मठापुढची घागर कलती केली, तांब्या काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.

“आता हे कुणाला?”

“जावा सावकाश, मास्तर. वाटंत ती भेटंल.”