आधी हातोडा, मग रंग

एकदा एक वृद्ध कारागीर खांद्यावर हातोडा टाकून भर बाजारात शिरला. आपण भांडायला आलेलो नाही, असे तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता. परंतु त्याची चाल पाहून माणसे आपोआप बाजूला होत होती. त्याचे नाव गेनू मिस्त्री. जुन्या ट्रॅक्टरांच्या गंजलेल्या रिमा दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षे गेली होती.

त्या भागातली जमीन चिकट. चाक जागीच घसरू नये, त्याला वजन यावे, म्हणून मागच्या टायरांत पाणी भरण्याची तिथे रीत होती आणि विहिरींचे पाणी तर खारट. वॉल्व्हजवळून ते थेंबथेंब झिरपे आणि रिम आतल्या बाजूने खाऊन टाकी. वरून धडधाकट, आतून भुसभुशीत. माणसांतही हा नमुना आढळतो, पण तो विषय वेगळा. गेनू कुजलेला भाग कापून नवी पट्टी जोडी आणि पट्टी धरेल इतके लोखंडच उरले नसेल, तर रिम बदला म्हणून तोंडावर सांगे. त्याच्या दुकानाचा एक नियम होता. काम झाले की रंगाआधी गिऱ्हाइकाने स्वतः हातोडा उचलून जोडावर तीन ठोके मारायचे. लोखंड खणखणले तर रंग, नाहीतर काम पुन्हा पहिल्यापासून.

केरबा हा त्याचा शिष्य. वय तिशीपलीकडचे, हात सफाईदार, नऊ वर्षे याच दुकानात. जुने ट्रॅक्टर घेऊन विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याला गाठले. यात्रेच्या बाजाराआधी एका ट्रॅक्टरच्या दोन मागच्या रिमा चकचकीत करून दे, मोठ्या रस्त्यावरचा माझा गाळा तुला देतो, तुझ्या नावाची पाटी लाव, असा शब्द त्याने दिला. केरबाला मोह पडला. नऊ वर्षे दुसऱ्याच्या पाटीखाली राबलेल्या माणसाला स्वतःची पाटी दिसू लागली, तर त्याला हसू नये. गेनू दोन दिवस लेकीच्या गावी गेला होता, तेवढ्यात केरबाने भोकांत पुट्टी भरली, ती घासून गुळगुळीत केली आणि वर चंदेरी रंग मारला. ठोक्यांना त्याने फाटा दिला.

गेनू परतला तेव्हा ट्रॅक्टर बाजारात पोचला होता. दुकानात पुट्टीचा रिकामा डबा पडलेला होता. म्हाताऱ्याने डब्याकडे पाहिले, केरबाकडे पाहिले, भिंतीवरचा हातोडा काढला आणि तो निघाला. केरबा मागोमाग येत विनवत राहिला की शेठ चिडतील, गाळा जाईल, एवढ्या वर्षांची आस मातीला मिळेल. गेनूची पावले थांबली नाहीत.

बाजारात सौदा जुळत आला होता. दौलत नावाचा शेतकरी सीटवर बसला होता आणि त्याची बायको शेवंता चाकावरच्या मडगार्डवर बसून पाहत होती, कारण पुढे रोज शेतावर ती तिथेच बसून जाणार होती. गेनूने तिला खाली उतरायला सांगितले आणि दौलतच्या हातात हातोडा दिला. व्यापारी तांबडालाल झाला. माल आपला असताना हा म्हातारा मध्ये कोण, असे त्याने ओरडून विचारले.

"माल तुमचा हाय शेठ, पण काम माझ्या दुकानातलं हाय," गेनू म्हणाला. "आणि माझ्या दुकानातलं काम फोडायला मी कुणाची परवानगी मागत न्हाई."

व्यापाऱ्याने पुढे येऊन पाहिले, पण म्हातारा जागचा हलला नाही. दौलतने बिचकतच वॉल्व्हजवळ ठोका मारला. आवाज मुका आला. दुसऱ्या ठोक्याला पुट्टीचा पापुद्रा गळाला, गंजकी कड आतल्या ट्यूबमध्ये घुसली आणि गढूळ पाण्याची चिळकांडी व्यापाऱ्याच्या परीटघडीच्या कपड्यांवर उडाली. तिसऱ्या ठोक्याची कुणाला गरज वाटली नाही. गाळा विसर आणि माझे कामही विसर, असे व्यापाऱ्याने केरबाला तिथेच बजावले.

परतताना केरबाचा बांध फुटला. "मिस्त्री, दुकानात मुस्काटात मारली असती तर सोसली असती. भर बाजारात कशापायी?"

गेनू थांबला. "बाजारात विकलं, म्हणून बाजारात फोडलं. उसाची भरलेली ट्रॉली उतारावरनं येती, तवा त्या चाकावर किती भार येतो ते तुला सांगाय नको. त्या चाकावर कोण बसलं हुतं, बघितलंस? शेठ न्हाई बसत तिथं. तू न्हाई, मीबी न्हाई. गंजाला मी भीत न्हाई, केरबा. गंज कापता येतो, न्हाईतर रिम बदलता येती. पण रंगाखालचा गंज कापणार कोण? तो दिसतच न्हाई. आज तुझ्यावरचा रंग खरवडलाय मी. खाली लोखंड किती उरलंय, ते तूच ठोकून बघ."

 केरबाचा राग दोन दिवस टिकला, आणि मला वाटते तो टिकायलाच हवा होता.

पुढच्या आठवड्यात दौलत तोच ट्रॅक्टर घेऊन दुकानी आला. झाकपाक सरल्यावर व्यापाऱ्याला तो आहे तसा, कमी भावात विकावा लागला होता. केरबाने दोन्ही रिमा कापायला घेतल्या. एकीत चांगले लोखंड लागले, तिला पट्टी जोडली. दुसरी कापत गेला तसतशी ती सुटतच गेली, तेव्हा कुणी न विचारता त्यानेच सांगितले, "ही टिकणार न्हाई, बदला." तिच्या जागी त्याने दुसरी भक्कम रिम बसवली.

मग त्याने भिंतीवरचा हातोडा काढला. दौलतने हात पुढे केला होता. केरबा त्याला ओलांडून शेवंताकडे गेला.

"बसणार तुमी," तो म्हणाला, "ठोका तुमीच मारा."

तिने पदर खोचला आणि दोन्ही रिमांवर तीन-तीन ठोके मारले. आवाज रस्त्यापलीकडे खणखणत गेला. गेनू आत चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही, पण कप खाली ठेवला आणि रंगाचा डबा केरबाकडे सरकवला.

आपण चकाकी देऊन सोडलेल्या कामावर उद्या कोण बसणार आहे, एवढे विचारावे. आणि हा प्रश्न जिथे खपत नाही, त्या बाजारात हातोडा घेऊनच जावे.