दोघांपुरतं बीळ

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी एक म्हातारी कुर्ली राहायची. चैत्रातच समुद्राचं पाणी कोमट झालं आणि जेलीफिश वाळूला लागले, की ती खालचं बीळ सोडून उंचावर, केवड्याच्या बनात नवं बीळ खणायची.

“आजी, गेली दोन वर्षं उगाच चढलीस. वादळ आलंच नाही,” शेजारचा खेकडा हसला.

“त्याआधी तीनदा आलं होतं. मी चुकले तर माझे पाय दुखतील. तू चुकलास तर?”

खेकडा खालीच राहिला.

आठव्या दिवशी भरदुपारी अंधारून आलं. लाटेने त्याचं बीळ बुजवलं. दुसरी लाट यायच्या आत तो जीव घेऊन वर पळाला आणि कुर्लीच्या दाराशी थबकला.

“ये आत,” ती म्हणाली. “दोघांपुरतंच खणलंय.”