अंजीर आणि एडिटर

संगणकाच्या पोटातही एक गाव असतं. तिथली ही जुनी गोष्ट. निवृत्तीमामाच्या बागेत अंजीर पिकायला लागले होते. गिऱ्हाइकांना ते कळावं म्हणून भाची केतकी वेबसाइट करणार होती. तिने एक कोरी फाइल उघडली.

पण लिहायचं कशात, यावरून एडिटरांमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, जुंपली. एक म्हणाला, "मी अक्षरं रंगीत दाखवतो." दुसरा म्हणाला, "अर्धा शब्द लिही, पुरा मी करतो." केतकी रोज नवा एडिटर आणायची, त्याचे रंग बदलत बसायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकायची. साधं नोटपॅड कोपऱ्यात गप्प होतं.

"माझ्यात लिहिणार काय, ते कुणी विचारेल का?" फाइल म्हणाली.

"आधी आमचं ठरू दे," एडिटर म्हणाले.

एका दुपारी मामाचा फोन आला. तो रागावला नाही. "राहू दे आता बाळा. झाडांखाली अंजिरांचा नुसता सडा पडलाय," एवढंच म्हणाला.

केतकीने हाताला लागेल ते उघडलं. ते नोटपॅड होतं. तिने एकच ओळ लिहिली: यंदाचे अंजीर संपले.

फाइल नोटपॅडला हळूच म्हणाली, "हीच ओळ पहिल्या दिवशी आली असती, तर ‘अंजीर पिकलेत’ अशी आली असती."