एक थेंब पुरे

एका राज्यात एक अफवा होती, आणि ती अर्धीच होती. 'वज्रवीराला विषाचा एक थेंब पुरे,' एवढंच लोकांना ठाऊक होतं. पुढचं अर्धं एका भिंतीपलीकडे राहून गेलं होतं.

भिंतीच्या अलीकडे भिवराक्का तेलिणीचं घर, पलीकडे गणोबा चिताऱ्याचं. गणोबा गंजिफाची, म्हणजे पत्त्यांसारख्या खेळाची, गोल पानं रंगवी. कापडाला चिंचोक्याची खळ, खळीवर रंग, रंगावर लाख, आणि मधोमध एखादं जनावर असं की आता उठेल आणि चालू लागेल. त्या राज्यात ती खरोखरच उठून चालत. म्हणून गणोबा आपली पानं पालथी वाळत घाली.

त्याच्याकडे एक म्हातारा राघू होता. कुठल्या पानात काय गुण, कोणाला किती बळ, सारं त्याला तोंडपाठ होतं. एका सकाळी भिवराक्का भिंतीशी तीळ निवडत बसली होती. अंगणातल्या उजेडात तीळ लवकर निवडून झाले असते, पण भिंतीशी बसलं की शेजारचं ऐकू येई. राघू म्हणाला, "वज्रवीराला विषाचा एक थेंब पुरे..." तेवढ्यात तिचाच घाणा करकरला आणि बाकीचं वाक्य त्यात बुडालं.

पलीकडे जाऊन विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण विचारायचं म्हणजे आपण कान लावून बसतो हे कबूल करायचं. ती गेली नाही. पाणवठ्यावर मात्र गेली, आणि दुपारपर्यंत ते अर्धं वाक्य वेशीपलीकडे पोचलं. नवऱ्याला, हैबती तेल्याला, तिनं ते भाकरी वाढताना सांगितलं.

आता वज्रवीर कोण ते सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी कालजंघ नावाचा मांत्रिक, इतर राज्यांत जिंकलेल्या माणसांची जवळजवळ शंभर पानं घेऊन, डोंगरातल्या गुहेत येऊन राहिला. त्यानं राजा वीरकेतूला गंजिफा खेळायला बोलावलं. राजा गेला, हरला, आणि त्याचं पान झालं. सिंहासनावर नुसती पगडी उरली. तेव्हापासून दर वर्षी राज्यातून एकानं गुहेत खेळायला जायचं, असा शाप होता. कोणी गेलं नाही तर एका गावातले दिवे विझत आणि पुन्हा पेटत नसत. गेलेला हरला तरी एका गावातले दिवे विझत, आणि त्या माणसाचं पान होई. जे जात त्या सगळ्यांच्या वाटेत शेवटी मांत्रिकाचं एक पान उभं राही. ते हे पान, डोक्यापासून नखापर्यंत चिलखतातला वज्रवीर. त्याला मरण नव्हतं.

त्या वर्षी हैबती गेला. गणोबाकडून त्यानं खेळाला लागणारी तीन पानं नेली; त्यातलं विंचवाचं मागून घेतलं, का ते सांगितलं नाही. विंचवानं वज्रवीराला डंख मारला, आणि वज्रवीर उभाच राहिला. तिसऱ्या दिवशी निरोप आला: हैबती तेली, पान एकशे चौथं. त्या दिवशी भिवराक्काच्या गावात चुली पेटल्या, पण दिवे पेटले नाहीत.

वर्षभर घाणा बंद होता. पुढच्या वर्षी कोणी गुहेत जायच्या आधी भिवराक्का उठली, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा भिंतीला वळसा घालून पुढच्या दारानं गणोबाकडे गेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचं बोलणं मी भिंतीतून ऐकते. पंधरा वर्षं ऐकते."

"ठाऊक आहे, वहिनी," गणोबा म्हणाला. "म्हणूनच आम्ही जरा मोठ्यानं बोलतो. राघूचं मी एकट्यानं किती ऐकायचं, असं वाटे."

भिवराक्का राघूकडे वळली. मग ती म्हणाली, "राघूनं त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. त्यातली अर्धी मला मिळाली. उरलेली द्या."

राघूनं मान वळवली. "वज्रवीराला विषाचा एक थेंब पुरे, असं खेळाचा पट मानतो. मरत मात्र तो नाही."

एवढंसं वाक्य. दार ओलांडून विचारलं असतं तर हैबती आज घाण्यापाशी असता.

"मरत नाही, तर पुरे कशाला म्हणायचं?" तिनं विचारलं.

"मी पानांचे गुण सांगतो," राघू म्हणाला. "दोन गुण शेजारी आले की कसे वागतात, ते खेळणारानं पाहावं."

"मला तीन पानं द्या, भाऊजी."

गणोबानं पहिलं पान दिलं मुंगसाचं. त्याचा गुण पहिला घाव, म्हणजे समोरच्यानं हात उचलायच्या आत ते मारून मोकळं होई. दुसरं पान भिवराक्कानंच उचललं. त्यावर तिच्याच घाण्याचा बैल होता, गणोबानं कुंपणावरून बघून रंगवलेला. गुण काही नाही, बळ मात्र दहा. तिसरं पान होतं बेडकाचं.

"बेडूक?" भिवराक्का म्हणाली.

"बाकीची ओली आहेत, वहिनी."

गुहेच्या छताला भोक होतं, त्यातून ऊन सरळ दगडी पटावर पडे. पटाच्या या बाजूला नऊ पणत्या, त्या बाजूला नऊ पणत्या. भिंतीवर एकशे चार पानं टांगलेली. भिवराक्का भिंतीजवळून हळूहळू चालली. शेवटचं पान सापडलं. त्यावर हैबती होता, हातात विंचू धरायला जावं तसा वाकलेला. तिनं हात लावला नाही. लावला असता तर पुढे खेळता आलं नसतं.

"तेल कुठलं जाळता?" ती मांत्रिकाला म्हणाली. "धूर फार आहे. जुनं दिसतंय."

"बाई," कालजंघ म्हणाला, "खेळायला आलीस की चौकशा करायला?"

"दोन्ही."

"नियम ऐक. एक पान एकदाच. पहिले दोन वार यजमानाचे, तिसरा पाहुण्याचा. जो पान पाडील त्याला पडलेल्या पानाचा गुण मिळेल, आणि डाव संपेपर्यंत तो त्याचाच राहील, हव्या त्या पानाला देता येईल. अडवणाऱ्याला चुकवून आलेला वार पणत्यांवर पडतो. तुझ्या साऱ्या विझल्या तर तू माझं पान. तिसऱ्या वारानंतर माझी एक जरी तेवत राहिली, तरी तू माझंच पान."

"आणि तुमच्या साऱ्या विझल्या तर?"

"तो नियम कोणी विचारत नाही."

"मी विचारते."

"तर मी पान," मांत्रिक म्हणाला, आणि पानं पिसू लागला.

पहिला वार नागाचा होता. ज्याला दात लागेल ते मेलं, मग हत्ती असो की गरुड. भिवराक्कानं मुंगूस आडवं ठेवलं. नाग फणा काढीपर्यंत मुंगसानं त्याची मान धरली होती. चावायला वेळच न मिळाल्यानं विष विषाच्या जागीच राहिलं. नागाचा रंग पानावरून उडाला, आणि विषारी दंशाचा गुण भिवराक्काकडे आला.

दुसरा वार हत्तीचा. बळ नऊ, गुण रेटा. रेटा असलेलं जनावर समोरच्याला लोळवण्यापुरतं बळ खर्च करी, आणि उरलेलं तसंच पुढे जाई. भिवराक्काच्या हातात बैल आणि बेडूक उरले होते. बैल तिनं ठेवून घेतला. बेडकाला नागाचं विष दिलं आणि त्याला पटावर बसवलं. एवढासा हिरवा जीव, हत्तीकडे बघत बसलेला. हत्तीनं पाय टाकला. बेडूक गेला, पण पाय त्याच्यावर पडला तिथं विष लागलं, आणि हत्तीही धाडकन कोसळला. दोघांचे रंग एकदमच उडाले, आणि हत्तीचा गुण भिवराक्काकडे आला. उरलेला रेटा मात्र थांबला नाही. भिवराक्काच्या पणत्या एकामागून एक विझत गेल्या. आठ विझल्या. एक राहिली.

"एक उरली," कालजंघ म्हणाला. "तीही कशासाठी, ते मला कळत नाही. आता वार तुझा आहे, आणि अडवणारा माझा."

त्यानं वज्रवीराचं पान ठेवलं. पटावर चिलखत उभं राहिलं. शिरस्त्राणाच्या फटीत नुसता काळोख.

"याला लोळवायला चाळीस बळ लागतं," मांत्रिक म्हणाला, "आणि चाळीसनंही हा पडत नाही. विष देशील? तुझ्या नवऱ्यानंही दिलं."

भिवराक्काची नजर रिकाम्या झालेल्या बेडकाच्या पानावर होती. हत्तीचं बळ नऊ. आठ पणत्या गेल्या. मग एक कुठे गेलं? बेडकावर. बेडकाला पुरेल तेवढंच हत्तीनं दिलं आणि बाकीचं घेऊन तो पुढे आला. म्हणजे रेटा विचारतो एकच, समोरच्याला किती पुरे? आणि विष सांगतं, एक थेंब. समोरचा पडतो की उभा राहतो, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. पुरे पडणं आणि मरणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या, आणि तिनं, हैबतीनं, साऱ्या पाणवठ्यानं त्या एकच धरल्या होत्या. सगळे वज्रवीराला मारायला आले. मांत्रिकाच्या पणत्यांकडे कोणी पाहिलंच नाही.

"बैल," ती म्हणाली. "त्याला नागाचं विष. आणि हत्तीचा रेटा."

कालजंघाचा हात पानांवर थांबला. पण अडवणारा ठेवून झाला होता, आणि ठेवलेलं पान उचलायचं नाही हा नियम त्याचाच होता.

बैल निघाला. घाण्याभोवती चालतो तसाच, खाली मान घालून, घाई नाही. शिंगाचं टोक चिलखताला लागलं. एक थेंब. दहातलं एक बळ तिथं संपलं. वज्रवीरानं गदा उचलली, बैलावर घातली, बैल पडला. वज्रवीर जागचा हलला नाही. आणि नऊ बळ त्याच्या दोन्ही अंगांनी वाऱ्यासारखं निघून गेलं.

पलीकडच्या नऊ पणत्या विझल्या. धूर सरळ वर गेला.

कालजंघ काही बोलायला गेला, पण तोपर्यंत तो गोल, चपटा आणि लाखेचा झाला होता. भिवराक्कानं त्याला पालथं ठेवलं.

मग चिलखत उकललं, आणि आतून राजा वीरकेतू बाहेर आला. राजा मेला तर राज्य विस्कटेल आणि पुढच्या वर्षी खेळायला कोणी उरणार नाही, म्हणून मांत्रिकानं त्याच्यावरच मरण न येण्याचा गुण रंगवला होता. हैबतीचा विंचू त्यालाच चावला होता, बैलाचं शिंगही त्यालाच लागलं होतं.

"बाई," राजा दंड चोळत म्हणाला, "तुझा थेंब लागला मला. मुंगी चावावी तेवढाच लागला."

भिवराक्काला आता कळलं. अफवा पुरती खरी असती तर आज राज्याला राजा उरला नसता, आणि तो तिच्या हातून गेला असता, किंवा त्याआधीच तिच्या धन्याच्या हातून.

भिंतीवरून माणसं उतरत होती, हातपाय झाडत, एकमेकांना गावं विचारत. हैबती सगळ्यांत शेवटी उतरला.

"अर्धंच सांगितलंस मला," तो म्हणाला.

"अर्धंच ऐकलं होतं, अहो."

"मग विचारायचं होतं."

"विचारलं. वर्षभरानं विचारलं," ती म्हणाली, आणि तिला तिथंच रडू फुटलं. हैबती तिच्याजवळ उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं पटावरची तिची ती एक पणती उचलली आणि वारा लागू नये म्हणून हात आडवा धरला.

त्या एका पणतीवरून वाटेतल्या सगळ्या गावांतले दिवे लागले. राजानं पगडी डोक्यावर घेतली, घाणा पुन्हा फिरू लागला, आणि गणोबानं मधल्या भिंतीला हातभर खिडकी पाडली.

पाणवठ्यावर अजून म्हणतात, भिवराक्कानं वज्रवीराला विषानं मारलं. ती कळशी खाली ठेवते आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगते. मारलं नाही, फक्त पुरे पडलं. बायका ऐकतात, माना हलवतात, आणि कळशी भरली की अर्धं ऐकून घरी जातात.