शेवंड सोवळ्यात आहे!

"सहावी गेली!" यशोधरमहाराज दिवाणखान्यातून ओरडले, आणि तिकडे मुदपाकखान्यात आचाऱ्याने पुरणाचं पातेलं निमूटपणे चुलीवरून खाली उतरवलं.

कारण शेवंड गेली की राजवाड्यात सुतक! आंबेखोलच्या महाराजांना एका गलबतवाल्याने बारा शेवंडी नजर केल्या होत्या. समुद्रातल्या हातभर लांब नव्हेत बरं का. या गोड्या पाण्यातल्या, बोटाएवढ्या, केशरी. पण नांग्या अशा रोखायच्या की सेनापतींनीही दोन पावलं मागे सरावं. महाराजांनी त्यांना काचेच्या मोठ्या पेटीत ठेवलं आणि जीव लावला. पण दर चार दिवसांनी तळाशी एक प्रेत! मग दिवाणजी चंदनाच्या काड्या रचायचे, शेवंडीला अग्नी द्यायचे, आणि त्या दिवशी वाड्यात गोडधोड बंद. महाराज गोडाचे भलते शौकीन. दुःख शेवंडीचं जास्त की पुरणपोळीचं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

महाराजांनी वाड्यात पाणी भरणाऱ्या धाकू भोयाला बोलावलं.

"धाकू, तुझ्या पाण्यातच खोट आहे!"

"महाराज, तेच पाणी तुम्ही पिता जी."

"म्हणजे आता माझाही नंबर?" महाराज आणखीच भडकले. "आठ दिवस देतो! शेवंडींना असं घर आणि असा शेजार दे की कोणी त्यांना खाणार नाही. आणि एकही शेवंड माझ्या नजरेआड होता कामा नये! सहा उरल्यात. एक जरी गेली, तर बिऱ्हाड उचल आणि आंबेखोलची हद्द सोड!"

धाकू घरी येऊन ताटावर नुसता बसून राहिला. नदी सोडून तो जगणार कसा? त्याची लेक येसू नदीत मासे धरायची. पाण्यातल्या चार गोष्टी तिला बापापेक्षा जास्त कळायच्या. बापाचं तोंड बघून ती उठली आणि तडक वाड्यात गेली.

पेटीत बघते तर काय! तळाला गुळगुळीत संगमरवर, लपायला एक पान नाही, आणि मधोमध हातभर मरळ मिरवत होती. कोपऱ्यात आणखी एक मासा, मिशाळ शिंगटी.

"दिवाणजी, ही मरळ कशाला?"

"रक्षणाला! सेनापतींनी स्वतः पाठवलीय."

"आणि शिंगटी?"

"सोबतीला. आम्ही दिली. फार शांत असते हो!"

"पोट भरल्यावर मीबी शांत असते, दिवाणजी!"

दोन्ही मासे तिने नदीत सोडले. पेटीत वाळू पसरली, बदामाची सुकी पानं टाकली, पाणवनस्पती लावल्या. बांबूची नळकांडी उभी चिरून त्यांची आठ घरं केली. मग थोड्या गोगलगायी आणि ओंजळभर चिमुकले पिकू मासे सोडले.

दिवाणजींनी नाक मुरडलं. "पिकू? राजाच्या शेवंडींना असला फाटका शेजार?"

"पिकू वरच्या मजल्यावर ऱ्हातो, शेवंड तळाला. तोंडाला तोंड लागत नाय."

"आणि सहा शेवंडींना घरं आठ?"

"दोघी भांडल्या तर एकीनं रुसून जायचं कुठं?"

आठव्या दिवशी महाराज दरबार घेऊन आले आणि मोजू लागले. "एक, दोन, तीन, चार, पाच... आणि हे काय? प्रेत!"

मुदपाकखान्यात पातेलं खाली उतरलं. धाकू येसूच्या मागे सरकला.

"धाकू, बिऱ्हाड उचल!"

"थांबा महाराज!" येसू ओरडली. "कोणी शिवू नका! शेवंड सोवळ्यात हाय!"

तिने ते प्रेत अलगद काढून महाराजांच्या तळहातावर ठेवलं. "आता फुंका."

महाराजांनी फुंकर मारली. प्रेत उडालं आणि दिवाणजींच्या पगडीवर जाऊन बसलं! आतून पार पोकळ.

"शेवंडीचा अंगरखा हाय त्यो! ती वाढली की त्यो घट्ट होतो, मंग काढून टाकते. नवा कडक होईस्तोवर अंग लोण्यावानी मऊ. तुम्ही अंगरख्यांना अग्नी देत ऱ्हायलात, आणि उघड्या मालकिणींना मरळीनं गिळलं."

महाराजांचा चेहरा पडला. "बिचाऱ्या! माझ्या डोळ्यांदेखत!" मग त्यांना दुसरं काहीतरी आठवलं. "म्हणजे सहा वेळा मी पुरणपोळी सोडली ती... अंगरख्यांसाठी?"

"होय जी."

"पण सहावी कुठाय? नजरेआड नको म्हटलं होतं मी!"

"नजरेआड नायच. जरा खाली बसा."

महाराज गुडघ्यांवर बसले. मग काय, अख्खा दरबार कण्हत कुंथत गुडघ्यांवर! चिरलेल्या बांबूची उघडी बाजू येसूने काचेला चिकटवून ठेवली होती. आत एक फिकुटलेली शेवंड मिशा हलवत बसली होती.

"भिंत शेजाऱ्यांना, खिडकी महाराजांना!" येसू म्हणाली.

"पण राजाच्या शेवंडीने लपावं कशाला?" दिवाणजी पुटपुटले.

"महाराज सोवळं नेसतात तवा तुम्ही आत असता व्हय, दिवाणजी?"

महाराज खो खो हसत सुटले. "धाकू इथेच राहील! आणि वाड्याखालचा डोह आजपासून तुम्हा बापलेकीचा! बरं, पगडीवरच्या त्या अंगरख्याचं काय करायचं?"

"परत पाण्यात टाका. शेवंड त्योच खाते, मंग नवा लवकर कडक होतो."

महाराजांनी अंगातला जरीचा अंगरखा काढला आणि धाकूच्या खांद्यावर टाकला. "घे! पण खाऊ नकोस हो!"

महाराजांना उघडेबंब बघताच येसूने दरबाराकडे वळून आरोळी ठोकली, "सगळ्यांनी बाहेर व्हा! महाराज सोवळ्यात हायत!"

दरबार खरंच पळाला! आतून महाराजांचं हसणं थांबता थांबेना. हसता हसताच ते ओरडले, "आचाऱ्याला तेवढं आत सोडा रे, पुरणाचं पातेलं घेऊन!"