रोज तपासलेलं इंजिन

“दाब कुठं गेला यातला, मिस्त्री?”

विचारणारे भास्करराव मोहोळकर, साखर कारखान्यातून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी टेबलावर लिंबाएवढं इंजिन ठेवलं. मॉडेल विमानाचं, नायट्रो इंधनावर चालणारं.

मिरजेत अशी इंजिनं दुरुस्त करणारे एकटे इनायत मिस्त्रीच.

“कुणाचं?”

“मुलीचं. अनघाचं. तीन वर्षं झाली तिला जाऊन.”

“त्यानंतर चालवलंत?”

“छे! पण निगा राखलीय. रोज सकाळी इंजिनाचा पंखा बोटानं फिरवून दाब तपासतो. एक दिवस चुकवलेला नाही.”

“काय व्हायचं फिरवताना?”

“पिस्टन वर आला की पंखा अडायचा. बोटाला उलटा रेटा द्यायचा. आतून कुणीतरी…” भास्करराव थांबले. “आता नुसताच फिरतो.”

मिस्त्रींनी पंखा फिरवला. हवा सुर्रकन निसटली.

“गरम करून फिरवायचात?”

“नाही. थंडच.”

“पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी थंड असताना वरच्या टोकाला आवळलेली असते. तिथं तो घासून झिजतो.”

“म्हणजे… मीच?”

“रोज थोडं.”

भास्कररावांनी चष्मा काढला. बराच वेळ तो हातातच राहिला.

“नळी बदला. पिस्टन बदला. इंजिनिअर आहे मी, कळतं मला.”

“बदलतो. रेटा येईल. नव्या पिस्टनचा.”



मिस्त्रींनी प्लग काढून आत एरंडेलाचे चार थेंब सोडले. प्लग बसवला. भास्कररावांचं बोट धरून पंख्यावर ठेवलं.

पंखा फिरला… आणि अडला.

“आहे!” भास्कररावांचा आवाज फुटला. “आहे हो!”

“तेल आहे तोवर. एकदा सुरू होईल, बहुतेक.”

“नको. मग काहीच उरणार नाही.”

“साहेब, ती रोज तपासायची?”

“ती?… ती कशाला तपासतेय! सरळ उडवायची.”

मिस्त्रींनी इंजिन शिकंज्यात आवळलं, टाकीत इंधन भरलं, प्लगला बॅटरी लावली आणि बाजूला झाले.

भास्कररावांनी पंख्याला झटका दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन किंचाळत सुटलं. एरंडेलाच्या धुरानं खोली भरली. भास्करराव त्या धुरात उभे राहिले, डोळे मिटून, इंधन संपेपर्यंत.

मग सगळं शांत झालं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि इंजिन गुंडाळायला हात पुढं केला.

मिस्त्रींनी तो हात अलगद बाजूला केला.

“घाई नको, साहेब. अजून गरम आहे.”